अध्यक्षांना मोकळं करताना

मला अध्यक्ष व्हायचं होतं. बाईच्या तोंडी हे वाक्य मराठीत फार उघडंवाघडं वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकते. समाजकार्याची आवड, चार लोकांनी घातलेली गळ, असलं काही माझ्याकडे नव्हतं. मला ती खुर्ची हवी होती, आणि मंडळ निघाल्यापासून तिच्यावर एकच गृहस्थ बसले होते.

मंडळ आमचं टॅम्पिनीसचं. सिंगापूरच्या पूर्वेकडे राहणाऱ्या नाटकवेड्या मराठी लोकांनी ते काढलं. शहरातल्या इतर हौशी संस्थांत आपल्याला भूमिका मिळत नाहीत, हे स्थापनेचं खरं कारण. घटनेत मात्र 'नाट्यकलेचे संवर्धन' असं लिहिलेलं आहे. इथं संस्था नोंदवायची तर घटना लागते. ती अध्यक्षांनीच लिहिली होती, आणि तिच्यात अध्यक्षांबद्दल एवढंच होतं की ते मंडळाचे प्रमुख असतील आणि दरवर्षी सर्वसाधारण सभेत निवडले जातील. बाकी कोरं.

आता माझा धंदा इतिहास शिकवायचा. पुण्याच्या कॉलेजात शिकवत होते, नवऱ्याची इकडे बदली झाली तशी मीही आले आणि बुकित तिमाहच्या एका ट्यूशन सेंटरमध्ये चिकटले. अमेरिकेत शिकायला जाऊ घातलेल्या मुलांना मी अमेरिकेचा इतिहास शिकवायची. सदाशिव पेठेतल्या बाईने चिनी, तामिळ आणि पंजाबी पोरांना अमेरिकेचे पहिले अध्यक्ष समजावून द्यायचे, हा प्रकार सिंगापूरशिवाय कुठं घडेल असं वाटत नाही. मला तो विषय फार आवडायचा. कारण तो राजांचा इतिहास नाही. एक कोरी खुर्ची आहे, तिच्यावर काय करायचं हे कुणालाच नीट माहीत नाही, आणि पहिला माणूस बिचकत बिचकत तिच्यावर बसतो, एवढीच ती गोष्ट आहे.

त्या पहिल्या अध्यक्षाला म्हणायचं काय, इथपासून सुरुवात होती. त्यांच्या वरिष्ठ सभागृहात त्यावर कित्येक दिवस खल चालला. कुणी म्हणे 'हायनेस' म्हणा, कुणी त्याला आणखी शेपटं जोडली. शेवटी साधं 'मिस्टर प्रेसिडेंट' ठरलं आणि तेच टिकलं. घटनेत मंत्रिमंडळ हा शब्दसुद्धा नव्हता. पहिल्याने आपल्या खात्यांचे प्रमुख एका टेबलाभोवती बसवून सल्ला घ्यायला सुरुवात केली आणि झालं मंत्रिमंडळ तयार. त्यातले दोन सगळ्यांत हुशार गडी एकमेकांचं तोंड बघायला तयार नसत, तरी त्याने जमेल तितके दिवस दोघांनाही बसवून ठेवलं. एकदा एका तहाबद्दल सल्ला मागायला तो स्वतः वरिष्ठ सभागृहात गेला. ते लोक म्हणाले, समितीकडे सोपवू. स्वारी अशी वैतागली की सल्ला मागायला तिथं जाणंच पुढं बंद झालं, आणि नंतरचे अध्यक्षही गेले नाहीत. एका माणसाचा एका दिवशीचा वैताग, आणि देशाचा शिरस्ता होऊन बसला.

हे शिकवताना मला दर वेळी आमचे अध्यक्ष दिसायचे. पहिल्या वर्षी प्रयोगाच्या दिवशी नायकाचा घसा बसला. आदल्या संध्याकाळी तालमीत बटाटेवडे झाले होते. अध्यक्षांनी तालमीत तळलेलं बंद केलं. त्यानंतर किती नायक आले आणि बदलून गेले, पण आमच्या तालमीला इडली आणि केळी. नवीन आलेला कुणी विचारायचा, "का हो, वडे का नाहीत?" जुना गंभीरपणे सांगायचा, "आपल्याकडे पद्धत नाही."

सभा अध्यक्षांच्या घड्याळाप्रमाणे सुरू होणार, समोर रिकाम्या खुर्च्या असल्या तरी. तिसऱ्या घंटेआधी अध्यक्ष रंगमंचावर येऊन भाषण करणार. एखादा प्रश्न अडला की ते म्हणणार, "मी बघतो," आणि विषय संपला. त्यांना सगळे अध्यक्षच म्हणत. त्यांची बायको, म्हणजे काकू, त्या पण. "अध्यक्ष अंघोळीला गेलेत," असं काकूंनी मला फोनवर सांगितलेलं आहे.

यात चेष्टा आहे, पण माणूस मोठा होता, हेही खरं. बँकेतून निवृत्त झालेले, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज खणखणीत. आमचा काळा पडदा त्यांनी आणि काकूंनी घरच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून शिवला होता. आमचे दिग्दर्शक आणि आमचे संगीतवाले यांच्यात विस्तव जात नव्हता, तरी दोघंही मंडळात टिकले ते अध्यक्षांमुळे. आणि इथं माणसं टिकणं सोपं नाही. निम्मं मंडळ एम्प्लॉयमेंट पासवरचं, म्हणजे नोकरी असेतोवरच इथं. आज सेंगकांगला फ्लॅट घेऊन राहिलेला इंजिनिअर पुढच्या नाटकापर्यंत सिडनीला गेलेला असतो. अशा येणाऱ्या-जाणाऱ्यांत हा एकच माणूस खांब रोवल्यासारखा उभा होता. त्यामुळे त्यांच्या जागी दुसरं कुणी, हा विचारच कुणाच्या डोक्यात येत नव्हता. आला तरी तो बोलून दाखवणं म्हणजे कृतघ्नपणा.

शिवाय आपली ती आग्रहाची रीत. दरवर्षी सर्वसाधारण सभेच्या शेवटी अध्यक्ष उठून म्हणत, "आता मला मोकळं करा. नवीन रक्ताला वाव द्या." की लगेच चारी बाजूंनी, "छे छे! तुमच्याशिवाय कोण?" ते हात वर करून म्हणत, "नाही, खरंच नको." पंगतीत ताटावर आडवा हात धरावा तसं. वाढणाऱ्याला ठाऊक असतं की हात बाजूला होणार आहे, आणि हात धरणाऱ्यालाही ठाऊक असतं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की अध्यक्ष म्हणत, "बरं, तुमची इच्छाच आहे तर." टाळ्या. बिनविरोध. चहा.

मी दरवर्षी टाळ्या वाजवत घरी यायची आणि नवऱ्याचं डोकं खायची. "घटनेत निवडणूक लिहिलीय. आपण वाढपी झालोय नुसते!" नवरा म्हणायचा, "अगं, काय बिघडतंय? चाललंय की छान." छान चाललंय म्हणून माणसाने तोंड उघडायचं नाही, हा न्याय मला कधी पटला नाही.

सिंगापूरला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी मी हे पुराण जेवताना पुन्हा लावलं. ब्लॉकच्या कठड्यांवर अजून झेंडे लटकत होते. माझी मुलगी तेव्हा शाळेत शेवटच्या वर्गांत होती. ती ताटातून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, यू वाँट द पोस्ट, राइट? देन जस्ट से सो लाह. एव्हरी इयर सेम कंप्लेंट."

नवरा हसला. मी चिडले. "असं नसतं म्हणायचं आपल्यात," असं मी तिला म्हटलं आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं. रोज दुपारी मी परक्या पोरांना सांगते की पहिल्या अध्यक्षाने दोन मुदती झाल्यावर खुर्ची सोडली, कुणी सोडायला लावली नव्हती, आणि म्हणून ती खुर्ची देशाची झाली. आणि संध्याकाळी घरी येऊन सांगते, असं नसतं म्हणायचं. रागारागाने भांडी घासता घासता मी नवऱ्याला म्हटलं, "या वर्षी मी उभी राहणार."

"कुणाविरुद्ध?" तो खरोखर गोंधळला होता.

"घटनेत विरुद्ध लागत नाही. उभं राहावं लागतं."

"मंडळ फुटेल," तो म्हणाला. आता मात्र तो हसत नव्हता.

त्याची भीती खोटी नव्हती. दोन मराठी माणसं भेटली की तीन मंडळं निघतात, हे आपण हसत सांगतो, पण आमचंही मंडळ तसंच कुणावर तरी रुसून निघालेलं होतं. अध्यक्ष दुखावले आणि उठून गेले, तर त्यांच्यामागे निम्मे जातील. दुसरं मंडळ निघेल, पडद्याचे दोन तुकडे होतील, आणि इकडेही नाटक धड होणार नाही आणि तिकडेही नाही. मला खुर्ची हवी होती, पण मंडळ मोडून नको होती. एवढाच माझा पेच होता.

सभा एका सभासदाच्या कॉन्डोतल्या फंक्शन रूममध्ये होती. एसी असा की बायका शाली घेऊन बसलेल्या. अहवाल झाला, हिशेब मंजूर झाले, पुढच्या नाटकाची चर्चा झाली. मग अध्यक्ष उठले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मंडळी, आता मला मोकळं करा."

मागून कुणीतरी "छे—" एवढंच म्हणालं असेल, तोवर मी उभी राहिले.

"बरं," मी म्हटलं. "केलं मोकळं. इतकी वर्षं तुम्ही मंडळ उभं केलंत, त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. पुढच्या वर्षासाठी अध्यक्ष म्हणून मी उभी राहते."

पन्नासेक माणसांच्या पंगतीत एखाद्याने "नको" म्हटल्यावर वाढपी खरोखरच पुढं निघून जावा, तसं झालं होतं. अध्यक्षांचा हात अजून वरच होता. माझ्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

"अहो ताई," दिग्दर्शक म्हणाले, "असं कसं? आग्रह तरी करू द्या!"

"करा की. पण ते नको म्हणतायत. मी हवं म्हणतेय."

मग एकच कल्लोळ. कुणी म्हणालं, आपल्याकडे निवडणुकीची पद्धत नाही. मी म्हटलं, घटनेत आहे. कुणी म्हणालं, घरच्या घरात मतदान म्हणजे भांडण. सेंगकांगचा एक तरुण इंजिनिअर, नवीनच आलेला, भाबडेपणाने म्हणाला, "पण मला तर आवडेल मत द्यायला. इथं कुठंच नाही देता येत मला." सगळे हसले आणि थोडं सैल झालं. दिग्दर्शकांनी अध्यक्षांचंच नाव सुचवलं, संगीतवाल्यांनी अनुमोदन दिलं. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी नाव मागे घेतलं असतं तर तो त्याग ठरला असता आणि मी आयुष्यभर खलनायिका. पण ते म्हणाले, "ठीक आहे. घटनेत आहे तर घटनेप्रमाणे होऊ द्या. मतं मी मोजेन, ते अध्यक्षांचं काम आहे." मला एकदम माझा वर्ग आठवला. अमेरिकेतही अगदी सुरुवातीला मतं उघडून वाचून दाखवायचं काम निवडणुकीत उभ्या असलेल्या माणसाकडेच आलं होतं, आणि त्याने ते नीट केलं होतं. मी म्हटलं, "माझी हरकत नाही."

मतपेटी नव्हती. नाटकाच्या सामानाची ट्रंक तिथंच होती, ती उघडली. कुणीतरी जिरेटोप काढून उलटा धरला, तर तिघं-चौघं ओरडलेच, "अरे, तो नको!" मग पेशवाई पगडी निघाली, ती काकूंनी नको म्हटली, उलटी ठेवल्यावर आकार जाईल म्हणून. शेवटी एका प्रहसनातल्या भित्र्या राजाचा पत्र्याचा मुकुट सापडला. तो उलटा करून टेबलावर ठेवला. पोरांच्या ड्रॉइंगच्या वहीतले कागद फाडून वाटले आणि माणसं एकेक करून लाजत लाजत येऊन मुकुटात मत टाकून गेली. टाकताना माझ्याकडे कुणी बघेना आणि अध्यक्षांकडेही बघेना. आपले लोक इतके गुपचूप काही करू शकतात, यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

अध्यक्षांनी चष्मा लावला. एकेक कागद उघडला, वाचला, दोन ढीग केले. ढीग सारखेच दिसत होते. त्यांनी एक ढीग पुन्हा मोजला, मग दुसरा पुन्हा मोजला. मग खणखणीत आवाजात, तिसऱ्या घंटेआधीच्या भाषणात बोलायचे तसंच, ते म्हणाले, "ताई निवडून आल्या. थोडक्या मतांनी, पण आल्या. अभिनंदन."

मी आनंदाने ओरडले. बायकांनी शालीतून हात काढून टाळ्या वाजवल्या. मागे येऊन बसलेल्या माझ्या मुलीने लांबून अंगठा दाखवला. इतकं स्पष्ट, इतकं हक्काचं काहीतरी मला आयुष्यात क्वचितच मिळालं होतं. आग्रहाने मिळालेलं नव्हतं, स्वतः मागून मिळालेलं होतं. मला आकाश ठेंगणं झालं होतं, आणि ते मी लपवलंही नाही.

टाळ्या संपेपर्यंत अध्यक्षांनी आपली पाण्याची बाटली उचलली होती. चहाला थांबले नाहीत. काचेच्या दारातून ते स्विमिंग पूलच्या कडेने सरळ गेटकडे चालत जाताना दिसले, पाठ ताठ.

काकू मात्र मागे राहिल्या. खुर्च्या एकात एक घालत माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी तुला मत दिलं."

"काकू!"

"मग काय. मला माझा नवरा रविवारी घरी हवा आहे गं. पण आता घरी येऊन तोंड फुगवून बसणार, ते वेगळंच."

पुढचे आठवडे मी जिंकल्यासारखी वागत होते, पण जीव टांगणीला होता. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अध्यक्ष गप्प. बाहेरही पडेनात, बोलेनातही. मग कुणीतरी बातमी आणली की पूर्व सिंगापुरातल्या नाट्यप्रेमींचा एक नवा ग्रुप निघाला आहे आणि त्यात अध्यक्षांना ॲडमिन केलंय. दिग्दर्शकांना विचारलं, तर ते ताकास तूर लावेनात. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मोबाईल बघतात आणि उलटा ठेवतात. काही बोलत नाहीत."

त्याच दिवसांत वर्गात दुसरा अध्यक्ष आला. हा मला नेहमी पहिल्यापेक्षा जवळचा वाटतो. पहिला सगळ्यांचा लाडका, तो हौसेने घरी गेला. दुसरा हरला. ज्याने हरवलं तो त्याचाच उपाध्यक्ष, पूर्वीचा जिवलग. नव्याच्या शपथविधीच्या दिवशी हा भल्या पहाटेच गाडीत बसून राजधानीतून निघून गेला, समारंभाला थांबला नाही. पोरं म्हणाली, "सो पेटी!", म्हणजे किती कोत्या मनाचा. मी म्हटलं, रुसला असेल, पण गेला ना? सैन्य गोळा केलं नाही, खुर्चीला धरून बसला नाही. घरी गेला. लोकांनी ज्याला नाकारलं तो घरी जातो आणि सरकार दुसऱ्या दिवशी उघडतं, हे जगाला तिथं दिसलं. हे सांगताना माझा आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण पोरांनी वह्या खाली ठेवल्या होत्या. मी स्वतःलाच धीर देत होते, हे त्यांना काय माहीत!

इकडे माझी राजवट सुरू झाली. तिसऱ्या घंटेआधीचं अध्यक्षीय भाषण मी पहिल्या फटक्यात रद्द केलं आणि चार ओळी छापून प्रयोगाच्या पत्रिकेत घालायच्या ठरवल्या. अमेरिकेच्या तिसऱ्या अध्यक्षानेही वार्षिक भाषण बंद करून लेखी पाठवायला सुरुवात केली होती, पण हे कुणाला सांगत बसले नाही. तालमीला वडे आणले. सगळ्यांनी खाल्ले आणि नंतर प्रत्येकाने गरम पाणी मागितलं. पुढच्या तालमीला पुन्हा इडली.

आणि मग सभागृहाचा प्रसंग आला. कम्युनिटी क्लबचं मोठं सभागृह, जे आम्हाला कधी मिळत नसे, ते कुणीतरी रद्द केल्यामुळे अचानक मोकळं झालं. तासाभरात हो किंवा नाही कळवायचं होतं. समितीला विचारायचं तर दोन दिवस जाणार, आणि 'मी बघतो' या दोन शब्दांवर वर्षानुवर्षं सगळ्यांत जास्त टीका मीच केलेली. मी एमआरटी स्टेशनच्या जिन्यात उभी राहून फोनवर म्हटलं, "हो, घेतलं." समितीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, कुणाला विचारून घेतलंत? मी म्हटलं, "मी बघितलं." तो तिसरा अध्यक्षही असाच. केंद्र सरकारने हातपाय पसरू नयेत म्हणून आयुष्यभर बोलला, आणि संधी आली तेव्हा देश जवळजवळ दुप्पट होईल एवढी जमीन खरेदी करून बसला. घटनेत तसं काही नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने अख्खा मुलूख घेतला, मी एक सभागृह. पण त्या बैठकीत मला जे वाटलं ते त्याला नक्की वाटलं असणार, की खुर्ची आपल्याला बरंच काही शिकवते आणि आपल्या मतांची तिला फारशी पर्वा नसते.

समितीने कुरकुरत मान्यता दिली. प्रयोगाची तारीख ठरली. आता एकच प्रश्न होता. अध्यक्ष येणार का? ते आले नाहीत तर नवा ग्रुप म्हणजे नवं मंडळ, हे सगळ्यांनी मनात धरलेलं होतं. त्यांना मानाचं निमंत्रण न्यावं, असं दिग्दर्शकांचं मत. मी नेलं नाही. घरी जाऊन पाया पडून बोलावलं, तर पुन्हा आग्रहाचा खेळ सुरू झाला असता. त्यावरून घरी माझं आणि नवऱ्याचं चांगलंच वाजलं. "हट्टी आहेस," तो म्हणाला. मी म्हटलं, "ते सभासद आहेत. सगळ्या सभासदांना कळवलंय, त्यांनाही कळवलंय."

प्रयोगाच्या संध्याकाळी मी काठपदराची साडी नेसून सभागृहाच्या दारात उभी होते. लोक येत होते, मी हसत होते, आणि दर वेळी लिफ्ट उघडली की माझी नजर तिकडे जात होती. दुसरी घंटा झाली तेव्हा लिफ्टमधून काकू बाहेर आल्या आणि त्यांच्यामागून तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट.

अध्यक्ष चालत आले आणि सवयीने दारापाशी, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, तोंड लोकांकडे करून. मग त्यांच्या लक्षात आलं. ते क्षणभर तिथंच घुटमळले. इतक्या वर्षांत त्यांना प्रयोगाच्या वेळी आत कुठं बसायचं असतं हेच माहीत नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "मी कुठं बसू?"

पुढच्या रांगेत दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. दिग्दर्शक पडद्यातून डोकावून तिकडे खुणा करत होते. 'पुढं बसा' अगदी जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, "तिकिटावर नंबर असेल, अध्यक्ष."

त्यांनी खिशातून तिकीट काढलं. विकत घेतलेलं होतं. चष्मा लावून नंबर वाचला, काकूंना म्हणाले, "चला, मधल्या रांगेत आहे," आणि लोकांच्या गुडघ्यांवरून "सॉरी, सॉरी" करत जाऊन बसले.

नाटक सुरू झालं. उशिरा येणारे येत होते, एक बाळ रडत होतं, क्लबचा माणूस दाराबाहेरच्या फॉयरमधले दिवे घालवू का म्हणून विचारत होता. हे सगळं दारातच चालतं आणि ते दारातल्या माणसालाच बघावं लागतं. आत पहिला मोठा हशा उसळला तेव्हा मी एका आजोबांना व्हीलचेअरची जागा दाखवत होते. त्या हशात एक हसू वेगळं ऐकू आलं, मोठ्याने, थांबून थांबून, पुन्हा सुरू होणारं. असं हसू मी आमच्या प्रयोगात कधी ऐकलं नव्हतं. मी दाराच्या फटीतून पाहिलं. अध्यक्ष खुर्चीत पुढं वाकून, गुडघ्यावर थापा मारत हसत होते. काकू नाटकाकडे बघतच नव्हत्या, त्यांच्याकडे बघत होत्या.

मध्यंतरात त्या बाहेर आल्या. डोळे पाणावलेले. "अगं, आपलं नाटक यांनी पहिल्यांदाच खुर्चीत बसून पाहिलं. एवढी वर्षं हे बाहेरच असायचे."

त्यांच्यामागून अध्यक्ष आले. कागदी कपातला चहा हातात, कपाळाला आठ्या. सगळं मंडळ कानात प्राण आणून उभं होतं. नवा ग्रुप, नवं मंडळ, सगळं त्या आठ्यांवर अवलंबून होतं.

"ताई, माझी एक तक्रार आहे."

"बोला."

"तो सासऱ्याचं काम करणारा मुलगा शब्द खातो. मधल्या रांगेत काही कळत नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाने काय करायचं?"

मला वाटलं मी आता रडणार. आमच्या मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांनी दुसऱ्या अध्यक्षांकडे तक्रार केली होती, आणि उत्तराची वाट बघत ते समोर उभे होते, इतर कुठल्याही सभासदासारखे, घुश्श्यात.

"आत्ता सांगते त्याला," मी म्हटलं.

"सांगा. चांगलं चाललंय, उगीच वाया जायला नको." चहा संपवून त्यांनी कप डब्यात टाकला. घंटा झाली तसे ते काकूंचा हात धरून घाईघाईने आत गेले, पुढचं चुकू नये म्हणून. मी विंगेत जाऊन त्या मुलाला आवाज काढायला सांगितलं, परत आले आणि बाहेरून दार लावून घेतलं.